पुढारीणमावशीची चौकट

कुणाच्याही घरी गेली की आमची पुढारीणमावशी आधी चौकट वाजवून पाहायची. घरातलं माणूस "या, बसा" म्हणत सतरंजी झटकत असे, आणि ही बाहेरच उभी राहून उजव्या हाताच्या बोटांची हाडं दाराच्या लाकडावर आपटत असे, बाजारात मडकं घेताना वाजवतात तशी. मग कान लावून क्षणभर थांबायची आणि निकाल द्यायची. "पोकळ आहे." किंवा, "वाळवी लागून राहिली, लवकर पाहा." एकदा एका मुलीचं लग्न ठरवायला मुलाकडे गेली असताना तिनं तिथंही हेच केलं. परत येताना जीपमध्ये सगळ्यांना ऐकवलं, "ज्याले आपल्या दारातली वाळवी दिसत नाई, त्याले सुनेच्या डोळ्यातलं पानी काय दिसन?" लग्न काही मोडलं नाही. पण त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे, आणि मावशीचा कान खोटा नव्हता एवढंच म्हणते.

पुढारीण हे तिचं नाव नव्हे. ती कुठल्या पक्षात नव्हती की कधी निवडणुकीला उभी राहिली नव्हती. धानाच्या रोवणीला बारा-पंधरा बायांची टोळी घेऊन बांधीत, म्हणजे भातखाचरात उतरायची, मजुरी ठरवायची, शेताच्या मालकाशी भांडायची, म्हणून पुढारीण. मी घाटावरची, ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. मला रोवणी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. इथं आधी एका वाफ्यात दाट बी टाकून धानाची रोपं करतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते हातभर झाले की उपटायचे आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक करून लावायचे. बाया वाकून, ओळीनं, मागं मागं सरकत लावतात. मी पहिल्यांदा बांधावर उभी राहून ते पाहिलं तेव्हा मावशी चिखलातूनच ओरडली, "पाहा मॅडम, बाई मागं मागं जाते, पन काम पुढं जाते!" आणि साऱ्या जणी हसल्या. मला वाटलं, मला हसल्या. असतीलही.

मी तिची भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली ती थेट भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या पुढं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांसाठी वसवलेल्या एका वसाहतीत. नवरा नगरला नोकरीला. मी आल्या दिवसापासून बदलीचे अर्ज करत होते आणि इथं कायमचं काहीच घेत नव्हते. बादलीसुद्धा प्लॅस्टिकची, फुटली तरी हळहळ नको म्हणून. वसाहतीत सगळी घरं एका मापाची, एका रांगेत. दारावर नंबर. मागची एक खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं म्हणून गेले, तर ही बाई मला खोली दाखवायच्या आधी दार दाखवू लागली.

आणि दार दाखवण्यासारखंच होतं. एका विटेच्या भिंती, वर टिनाचं छप्पर, आणि त्यात ही काळीभोर, वीतभर जाडीची, बीजाच्या लाकडाची चौकट. बीजा म्हणजे सागाचा थोरला भाऊ, असं मावशी म्हणायची. भाच्याला मामाचा कोट घातल्यासारखी ती त्या घराला दिसत होती. वर पितळी कड्या, नव्या धानाच्या लोंब्यांचं तोरण, आणि उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला.

"हे घर नवं आहे, मॅडम," ती म्हणाली, "दार जुनं. धरनाचं पानी आलं तेव्हा सरकारनं घर घेतलं, वावर घेतलं, चिंचेचं झाड बी मोजून घेतलं. चौकट तेवढी आमी काढून आनली. माह्या मालकानं बैलबंडीवर उभी बांधली, अन स्वतः तिच्यात बसून आला, राजावानी."

तो मालक वसाहतीत आल्यावर तिसऱ्या वर्षी तापानं गेला. एक लेक, ती लाखांदूरकडे दिलेली. घराचा पट्टा मावशीच्या नावावर झाला. आयुष्यात तिच्या नावावर झालेलं ते पहिलं घर. माहेरचं बापाच्या नावावर, सासरचं सासऱ्याच्या. तरीही ती त्याला कधी 'माझं घर' म्हणाली नाही. 'भेटलेलं घर' म्हणायची.

"एक घर बुडालं, एक भेटलं," ती म्हणायची. "आता एक मी घेईन."

हे ऐकून लोक हसायचे. मीही मनातून हसले असेन. विधवा बाई, वय पन्नाशीच्या पुढं, हातावर पोट. डोक्यावर छप्पर आहे, मागच्या खोलीचं भाडं येतं, आता आणखी काय हवंय? पण तिच्या डोळ्यांसमोर ते घर अगदी स्पष्ट होतं. तीन कोसांवर एक जुनं गाव आहे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. तिथल्या बांध्यांत तिनं वीस वर्षं रोवणी केली होती आणि त्याच कमाईतून गावाच्या कडेला एक जागाही घेऊन ठेवली होती. तिथं पूर्वेला तोंड करून घर. समोर लांबलचक सपरी, म्हणजे ओसरी. टोळीतल्या सगळ्या बाया एका वेळी टेकतील एवढी. धान वाळत घालायला अंगण. आणि दारावर नंबर नाही.

चौकट अर्थातच तीच. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, दारात बसून तांदूळ निवडताना, जणू किराणा आणायचं सांगतेय अशा आवाजात. "या चौकटीतून मी सून म्हनून आत आली. जाईन तं याच चौकटीतून बाहेर जाईन. घर कोनतं बी असो." मी "हं" म्हटलं आणि वह्या तपासत राहिले. म्हाताऱ्या बायका असं बोलतातच, असं तेव्हा वाटलं.

मी तिथं असतानाच वसाहतीचं नशीब पालटलं. समोरचा रस्ता रुंद झाला, बस थांबू लागली, शुक्रवारचा बाजार भरू लागला. ज्या जागेवर कुत्रं बसत नव्हतं तिथं मोबाइलची दुकानं आली. पवनीतले लोक मोटारसायकलवरून येऊन "घर विकायचं आहे का?" विचारू लागले. बाकीचे खूश झाले आणि बसून राहिले. मावशी खूश झाली आणि विचार करू लागली. एक दिवस शाळेतून आले तर ती अंगणात उभी राहून घराकडे बघत होती, कामचुकार बाईकडे बघावं तशी.

"मॅडम, मी दिवसभर वाकतो तेव्हा मजुरी भेटते. हे घर नुसतं उभं राहून महाग होऊन राहिलं. मंग त्याले कामाले नाई लावाचं?"

मला आधी कळेना. मग तिनं कमरेच्या पिशवीतून बाजारात वाटलेला एका बँकेचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की घर तारण ठेवून दुसऱ्या घरासाठी कर्ज मिळतं. मी तिला समजावून सांगितलं आणि, शिक्षकाची खोड, लगेच समजूतही घालायला लागले. राहतं घर गहाण टाकू नये मावशी, आमच्याकडे तर याला फार वाईट समजतात, आहे त्यात सुख मानावं. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमी चवथीतल्या पोराले पाचवीत घालता का नाई? का म्हन्ता, हा वर्ग चांगला आहे, इथंच बस?"

मी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. वीस पोरांसमोर बोलणारी मी, त्या बाईपुढं माझी नेहमी अशीच गत व्हायची.

खरा विरोध तिच्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा. ते दोन घरं सोडून राहायचे. मोबदल्याच्या पैशांतून त्यांनी मोटार घेतली होती. ती आता अंगणात चाकं काढून उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. पण सल्ला द्यायला मोटार लागत नाही. ते आले, रीतीप्रमाणे दारातच उभे राहिले, मावशीनं पदर डोक्यावर घेतला आणि भांडण सुरू झालं.

"राहतं घर गहान टाकून राहिली म्हन्ते? घरान्याचं नाक कापतं का?"

"गहान नाई, कामाले लावतो," मावशी पदराआडून म्हणाली.

"एक घर पान्यात गेलं, अन हे बाई पुन्हा तलावाकाठीच घर बांधते! अक्कल आहे का? इथंच मर ना सुखानं."

"मराची घाई नाई मले. अन इथं तं नाईच मरत."

भासरे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमी सांगा हिले." मी काही म्हणायच्या आत मावशीच बोलली, आणि या वेळी पदर जरा मागं सरकला होता. "भाऊजी, पऱ्हे वाफ्यात हिरवेगार दिसतात म्हनून कोनी तिथंच ठेवतं का? उपटले नाई तं पिवळे पडतात. लोंबी येतच नाई." भासरे पाय आपटत गेले. सगळा जन्म धानात काढलेला माणूस; हे बोलणं खरं आहे हे त्यांनाही कळलं होतं, आणि तेच त्यांना झोंबलं.

मग कागदपत्रं सुरू झाली. पट्टा सरकारी, म्हणून तारण ठेवायला आधी परवानगी. मावशी भाकर बांधून भंडाऱ्याच्या कचेरीत जाऊन बसायची. "उद्या या" म्हटलं की सांगायची, "उद्या माही रोवनी आहे, आज बसतो." तीन खेपांत परवानगी घेऊन आली. बँकेचा मूल्यमापन करणारा माणूस आला, टेप लावून घर मोजून गेला. मावशीनं सही केली; सही, अंगठा नाही, दोन महिने माझ्याकडून गिरवून घेतलेली. पैसे टप्प्यांनी मिळणार होते. पायाला एक हप्ता, भिंतींना दुसरा, आणि स्लॅबच्या आधी शेवटचा.

तलावाकाठच्या घराचा पाया झाला, आणि आता दाराची चौकट उभी करून भिंती वर न्यायच्या अशी वेळ आली. एका रविवारी सकाळी हातोड्यांच्या आवाजानं मी बाहेर आले. सुतारानं आमच्या घराची पुढची चौकट भिंतीतून सोडवली होती. दार, कड्या, उंबरठा, सगळं. बैलबंडी उभीच होती. हळदीकुंकू लावून, नारळ फोडून, मावशी चौकटीसोबत निघाली. नवऱ्यासारखी तिच्यात बसली मात्र नाही, बाजूनं चालत गेली.

मागं राहिलं एक भलंमोठं भगदाड. त्यावर तिनं ताडपत्री बांधली आणि आम्ही दोघी त्या ताडपत्रीच्या घरात राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात शेळी आत येऊन चौथीचे पेपर खाऊन गेली. मी खूप चिडले. "मावशी, निदान मला विचारायचं तरी!" तर म्हणते, "गाव उठलं तेव्हा साऱ्याईनं चौकटी काढल्या. कोनाले कोन विचारलं?" आणि खरंच, वसाहतीत कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. घर सोडायचं म्हणजे चौकट काढायची, हे त्या लोकांच्या हातात बसलेलं. ते घर आता बँकेकडे तारण आहे, ही गोष्ट चौकटीपर्यंत पोचते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर ते कागद वाचले होते.

शेवटच्या हप्त्याआधी बँकेचा तपासनीस आला. तरुण, सभ्य मुलगा, हेल्मेट काखेत. ताडपत्रीसमोर उभा राहिला आणि हातातल्या कागदावरचा नंबर परत परत बघू लागला.

"घर हेच ना?"

"हेच."

"मग दार कुठं आहे?"

"दार पुढं गेलं, साहेब," मावशी म्हणाली. "मी मागून जाऊन राहिली."

त्याला हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यानं आवाज जरा चढवला. "अहो बाई, हे घर बँकेकडे तारण आहे. न विचारता यातली वीटसुद्धा हलवता येत नाही तुम्हाला."

"वीट कोन हलवली? चौकट नेली."

"चौकट घराचाच भाग आहे ना?"

"सरकारनं घर घेतलं तेव्हा म्हटलं, चौकट न्या. तुमची बँक सरकारपेक्षा मोठी आहे का?"

त्यानं वाद घातला नाही. पिशवीतून मूल्यमापनाचा इंग्रजी कागद काढून पुढं केला. मावशीनं तो माझ्या हातात दिला. "तुमी वाचा, मॅडम. यात चौकट लिहून असन तं सांगा. तुमच्यावर माहा भरोसा आहे."

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत होतं: पुढचं मुख्य दार, लाकडी चौकटीसह. खोटं बोलावंसं वाटलं, पण ज्यानं कागद दिला तोच समोर उभा, आणि जिनं भरोसा म्हटलं तीही.

"लिहून आहे?"

"आहे, मावशी."

ती त्या भगदाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तं मंग चूक माही. आधी सही केली, मंग चौकट काढली. आधी चौकट काढाची होती, मंग सही." आणि त्या मुलाकडे वळून, "पन वापस नाई आननार. तिच्यावर भिंती चढल्या. पूजा झाली. बसवलेली चौकट घर सोडल्याबिगर उपटत नाईत."

"मग शेवटचा हप्ता मिळणार नाही," तो म्हणाला. वाईट वाटत असल्यासारखा म्हणाला, पण म्हणाला. "आठ दिवसांनी परत येतो. तोवर इथं चौकट हवी."

म्हणजे तलावाकाठी चार भिंती उघड्या उभ्या, आणि पाऊस दीड महिन्यावर. मावशीच्या हातात होतं ते सगळं भिंतींत गेलेलं. बीजाचं सोडाच, बाभळीची चौकट करायलाही काही उरलं नव्हतं. भासरे संध्याकाळी येऊन "सांगतलं होतं" म्हणून गेले. चौकट परत आण आणि चूप बस, एवढंच त्यांचं म्हणणं. मी माझ्याकडचे पैसे देऊ केले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते परत पर्समध्ये ठेवायलाही मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी तिला पाहिलं. ती वसाहतीतून घरोघर फिरत होती, पण पुढच्या दारांनी नव्हे. परसांत शिरत होती. बुडालेल्या गावातून येताना लोकांनी जमेल ते लाकूड आणलं होतं, आणि नव्या घरांत त्याला जागा नव्हती, म्हणून ते कुठंकुठं पडलं होतं. मावशी ते वाजवून बघत होती आणि विचारत होती, "देतं का, बाई?"

चार दिवसांत चार लाकडं आली. तिच्या टोळीतल्या बायांनीच आणून टाकली. उजवा खांब शेळ्या बांधायचा खुंटा झाला होता. डाव्यावर एकीनं गोठ्याचं छप्पर तोललं होतं. ते काढून तिथं बांबू लावून आली. वरची आडवी तुळई बसायचा बाक होती. आणि देवकाबाई नावाची मावशीची जुनी जोडीदारीण, तिच्या न्हाणीत कपडे धुवायला ठेवलेला एक गुळगुळीत उंबरठा होता. तो डोक्यावर घेऊन आली आणि अंगणात टाकत म्हणाली, "घे. माह्या सासूच्या घरचा आहे. सासूवानीच आहे, हलत नाई."

सुतार हैराण. चार घरांची लाकडं, चार जाड्या, चार रंग. एक साग, एक बीजा, बाकी देव जाणे. कुठं तासून, कुठं पाचर मारून त्यानं ती भिंतीत बसवली. फळ्या ठोकून दार केलं. इतकी वेडीवाकडी चौकट मी जन्मात पाहिली नव्हती. बाया मात्र समोर उभ्या राहून आपापलं लाकूड ओळखत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांची बुडालेली चार घरं एका दारात उभी होती. मी तिथल्या तिथं रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

तपासनीस आला. चौकट वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"ही तीच चौकट आहे?"

"नाई."

"मग?"

"तुमच्या कागदात लाकडी चौकट लिहून आहे. हे लाकूड आहे का नाई ते वाजवून पाहा."

आणि त्या मुलानं खरंच वाजवून पाहिलं. उजवीकडे एक आवाज, डावीकडे दुसरा. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, पाणी मागितलं, गटागटा प्यायला. निघताना म्हणाला, "बाई, आता ही तरी नेऊ नका."

"तुमचं देनं फिटेपर्यंत नाई," मावशी म्हणाली.

स्लॅब झाला, त्यानंतर दोन आठवड्यांनी पाऊस. दसऱ्याला ती तलावाकाठी राहायला गेली. तिच्या सपरीवर बारा बाया ऐसपैस बसल्या आणि तेराव्या मला त्यांनी मध्ये बसवलं. भेटलेल्या घरात मी एकटीच राहिले, आता सगळ्या घराचं भाडं देत. मावशी महिन्यातून एकदा यायची, ती चार लाकडांची चौकट वाजवायची आणि आत न येता अंगणातच चहा प्यायची. एकदा असाच चहा पिताना म्हणाली, "पोरी, बदलीची वाट पाहून पाहून तुये पऱ्हे पिवळे पडून राहिले. नवऱ्याले इकडं बोलाव. हे घर तू घे."

'मॅडम'ची 'पोरी' झाले होते. नाही कसं म्हणणार? नवऱ्यानं भंडाऱ्याला नोकरी पाहिली. आम्ही कर्ज काढून ते घर घेतलं, तिनं त्यातून बँकेचं देणं फेडलं आणि आपले कागद सोडवून आणले. बदलीचा पुढचा अर्ज मी केला नाही.

चार वर्षं ती त्या घरात राहिली. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिची छाती भरली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पण तिथून तिनं डॉक्टरांशी भांडून स्वतःला घरी आणवून घेतलं. लेक रडत होती, "आई, इथं बरी होशीन." मावशीनं तिलाही सुनावलं, "बरी होईन तं घरी बी होईन. नाई झाली तं दवाखान्याच्या दारातून जाऊ का?"

नाही झाली. तिरडी अंगणात बांधली आणि पुरुषमंडळी म्हणू लागली की पुढचं दार अरुंद आहे, मागच्या दारातून सोपं पडेल. देवकाबाई आणि टोळीच्या साऱ्या बाया मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, रोवणीच्या ओळीसारख्या. मग तिला हातांवर उचलून, जरा कलती करून, चौकटीतूनच बाहेर आणलं. सगळ्यात पुढं भासरे होते. उंबरठ्यावर त्यांचा पाय अडला, तोल सावरायला त्यांनी खांबाला हात लावला, आणि तो हात त्यांना काढवेना. "माह्या बापाच्या घरची आहे," ते म्हणाले, आणि म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडला. गाव उठलं तेव्हा हीच चौकट त्यांनी भंगार म्हणून सोडून दिली होती.

आता आमची पाळी आहे. या घराचं पहिलं कर्ज फिटलं, इथं आल्यावर झालेल्या दोन मुली वाढताहेत, खोल्या पुरेनात. पवनीच्या रस्त्याला एक बरी जागा बघितली आहे, आणि त्यासाठी हे घर तारण ठेवायचं ठरलंय. नगरहून भावाचा फोन आला. "ताई, राहतं घर गहाण टाकतेस? वेड लागलंय का?" मी म्हटलं, "गहाण नाही रे, कामाला लावतेय." तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल.

परवा देवकाबाईकडे जाऊन आले. ही चार लाकडांची चौकट नव्या घरी न्यायची आहे, आणि तिच्यातला उंबरठा देवकाबाईचा, म्हणून विचारायला हवं होतं. ती आता थकली आहे, रोवणीला जात नाही. म्हणाली, "ने ना, मॅडम. लाकूड एका जागी बसलं तं वाळवी लागते." बाकीच्या तिघींनीही तेच सांगितलं. या घरासाठी एक साधी, तयार चौकट बाजारातून आणून अंगणात टेकवून ठेवली आहे. बँकेनं आपल्या कागदात ती खुशाल लिहावी. मी वाजवून घेतली आहे.

बँकेचा माणूस मंगळवारी येणार आहे. सुतार रविवारीच येतोय.